उंच टाचांचे नाना

जळगावात खोली शोधत हिंडत होते तेव्हा लोक मला पहिला प्रश्न आडनावाचा विचारायचे. ते सांगितलं की दुसरा प्रश्न सहसा यायचाच नाही. खोली कालच कुणाला तरी दिलेली असायची. आम्ही बौद्ध, धुळ्याचे. बँकेतली माझी पहिलीच बदली, मे महिन्याचं ऊन, आणि दर रविवारी तेच, "अरेरे, कालच दिली हो मॅडम."

अशाच एका रविवारी महामार्गापलीकडच्या कॉलनीतल्या एका दुमजली घराच्या ओट्यावर जाऊन मी बेल दाबली. वरून जिन्यात आवाज आला. टॉक. टॉक. टॉक. सावकाश, पण ठाम. घरमालकीण फॅशनवाली दिसतेय असं मनाशी म्हणत मी ओढणी सारखी केली आणि तोंडावर हसू आणून उभी राहिले.

जिन्याच्या वळणावर आधी बूट दिसले. काळे, घोट्याच्या वर येणारे, बाजूला चेन, आणि खाली चांगली चार बोटं उंच टाच. त्यावर करडी पँट. त्यावर पांढरा हाफ शर्ट, खिशाला पेन. आणि सगळ्यांत वर भरघोस पांढऱ्या मिशा.

मी मागे सरकले. ओट्याची कड मागेच होती, ती माझ्या लक्षात राहिली नाही. पडता पडता कठड्याला धरलं म्हणून वाचले.

"सांभाळा," ते गृहस्थ म्हणाले. "पायात साध्या चपला असून पडता तुम्ही."

हे नाना. त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तरी उपयोग नाही, कारण कॉलनीत कुणाला ते माहीत नव्हतं. तोंडावर सगळे नाना म्हणायचे. पाठीमागे जे म्हणायचे ते लिहिण्यासारखं नाही.

खालची खोली दाखवताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "तुम्हाला आवाजाचा त्रास होतो का?" मी नाही म्हटलं. "मग राहा," ते म्हणाले. "सकाळी लवकर मी गच्चीवर चालतो. आवाज होतो. आधीच्या भाडेकरूला तो चालला नाही." आडनाव त्यांनी पुढे लाइटच्या मीटरवर नाव चढवताना विचारलं आणि शुद्धलेखन बरोबर आहे ना, एवढंच पाहिलं. मी सामान आणलं खरं, पण पहिल्या दिवशी पहाटे डोक्यावर टॉक टॉक सुरू झालं तेव्हा उशीत तोंड खुपसून स्वतःलाच म्हटलं, बाई गं, हे कुठे येऊन पडलीस तू!

नाना मूळचे असोद्याचे. केळी-कपाशीवाल्या घरातले धाकटे. नोकरी मात्र जन्मभर वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात केली. तिथे काय करत होता असं विचारलं की म्हणायचे, "तिथलं तिथे." एवढंच. त्यांच्या बायकोलाही त्यापलीकडे ठाऊक नव्हतं. बायको म्हणजे अक्का. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर मोठं कुंकू, आणि बोलायला परखड. नवऱ्याच्या बुटांबद्दल त्यांनी माझ्याशी कधी आडपडदा ठेवला नाही.

"मला लाज वाटते," त्या पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या. "उगाच नवऱ्याचं कौतुक सांगणार नाही. वरणगावला क्वार्टरमध्ये होतो तेव्हा दार लावून घालायचे. मी म्हणायची, उतारवयात सुटेल. लोकांची दारू सुटते. तर यांचं उलटंच झालं. रिटायर झाले, हारतुरे घेऊन घरी आले, हार खुंटीला टांगला, बूट घातले आणि दार उघडून बाहेर गेले. कॉलनीभर फिरून आले. मी आत डोक्याला हात लावून बसलेली."

मी नानांना विचारलं होतं, इतकी वर्षं लपवलं, मग तेव्हाच का बाहेर काढलं? ते म्हणाले, "माझ्याकडे दोन गुपितं होती. एक सरकारचं. ते ठेवलं, मरेपर्यंत ठेवणार. दुसरं माझं होतं. ते ठेवायचा कंटाळा आला."

आणि मुळात घालायचेच का? याचं उत्तर सगळ्या कॉलनीला हवं होतं. आणि नाना जे उत्तर द्यायचे ते कुणालाच नको होतं. ते म्हणायचे, "मला आवडतात."

बस्स. पुढे काही नाही. माणसाला धक्का बसायचा तो इथे. उंची कमी असती तर लोकांनी समजून घेतलं असतं, पण नाना उभे राहिले की पंख्याला हात पुरायचा. नवस म्हटला असता तरी चाललं असतं. शेजारच्या बाई मला दळणाच्या गिरणीत गाठून कानाशी कुजबुजल्या, "ते तसले आहेत का हो?" तसले म्हणजे कसले, हे त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. सरळ संसारी माणूस. पहाटे उठून चहा स्वतः करायचे, पेपरात आधी निधनवार्ता वाचायचे, भाजीवाल्याशी वांग्यांवरून वाद घालायचे, रस्त्यात पिचकारी मारणाऱ्याला थांबवून "हे तुझ्या घरी कर" म्हणायचे. मिशांना रोज खोबरेल तेल. आणि हे सगळं चार बोटं उंचावरून.

बूट आग्र्याहून यायचे. त्यांच्या पायाचं माप तयार मालात मिळेना, म्हणून कागदावर पाऊल गिरवून तिकडे पाठवलं होतं. एक काळा जोड, एक तपकिरी. भर उन्हाळ्यात, अंगाची लाही होत असताना, ते बूट घालून बाजारात जायचे आणि आल्यावर बादलीत कडुनिंबाचा पाला टाकून तासभर पाय बुडवून बसायचे. मी विचारलं, "नाना, दुखतात ना?" म्हणाले, "दुखतात तर! चालताना कळायला पाहिजे की आपण चालतोय. चपलेत मला काही कळतच नाही. घरून निघालो, बाजारात पोचलो, मधलं सगळं गायब."

एकदा मी कुठेतरी वाचलं की पूर्वी उंच टाचा पुरुषच वापरायचे, घोडेस्वार लोक, रिकिबीत पाय अडकावा म्हणून. मला वाटलं, नानांना हे सांगितलं तर लोकांच्या तोंडावर मारायला काहीतरी होईल. धावत वर गेले आणि सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"असेल," म्हणाले. "पण मला कुठे घोड्यावर बसायचंय?"

बाजारात जाताना अक्का नवऱ्याच्या बऱ्याच पुढे चालायच्या. ओळख नसल्यासारख्या. पण एकदा मी बरोबर होते तेव्हा म्हणाल्या, "आवाज येतो ना मागून, त्यामुळे वळून बघावं लागत नाही, आहेत की कुठे रेंगाळले." लाज वाटते म्हणणारी बाई तो आवाज कानात धरून चालत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

धुळ्याहून आई मला भेटायला आली तेव्हा नाना नेमके फाटकाशी उभे होते. आईने त्यांच्या मिशा पाहिल्या, नमस्कार केला, नजर खाली गेली, आणि ती तशीच हात जोडलेली राहिली. खोलीत आल्यावर दार लावून माझ्यावर घसरली.

"ओ माय व! हाई काय शे? तू आठे ऱ्हास?"

"चांगले आहेत गं ते."

"काय चांगलं शे? एकली पोर तू. बठ्ठं सामान भर. लोके काय म्हनतीन?"

चार दिवस राहिली. रोज "सामान भर" म्हणायची आणि रोज अक्कांबरोबर पापड लाटायला वर जायची. निघताना रिक्षात बसल्यावर मात्र मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "त्यासना पाय मुरगळत नही का व?"

कॉलनीची मीटिंग झाली तीही याच विषयावर. वरवर विषय पाण्याच्या टाकीचा होता. टाकी आटोपली तसे सेक्रेटरी खाकरले. म्हणाले, "नाना, राग मानू नका, पण लहान मुलांवर परिणाम होतो."

"कोणता?" नानांनी विचारलं. अगदी मनापासून. परिणाम होत असेल तर तो त्यांना खरंच जाणून घ्यायचा होता.

सेक्रेटरी इकडेतिकडे बघू लागले. शेवटी एक आई म्हणाली, "माझी मुलगी तसले बूट मागते."

"मग द्या की घेऊन. तिला तर चालतात ना?"

मीटिंग चहावर संपली. पण घरी परतताना माझ्या मागून येणाऱ्या दोघांपैकी एक जण म्हणाला, "एकदा याची टाच मोडली पाहिजे." तो हसत नव्हता.

नानांचे थोरले भाऊ असोद्याला शेती बघायचे. त्यांना सगळे आबा म्हणत. धोतर, टोपी, काटक शरीर, गावात शब्दाला वजन. हिवाळ्यात त्यांच्या शेतात भरताचा बेत होता, तेव्हा नाना-अक्कांनी मलाही नेलं. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर हिरवी वांगी भाजत होती, बायका मिरच्या कुटत होत्या, सगळे भाऊबंद जमले होते, आणि नाना तपकिरी बूट घालून बांधावरून खाली उतरले. काळी माती नुकतीच भिजवलेली. दोन पावलं गेले आणि टाचा रुतल्या. निघेनात. माणूस खांबासारखा उभा. सगळं रान हसलं. नानाही हसले. हसले नाहीत ते फक्त आबा. ते काडीने विस्तव सारत खाली बघत बसले होते, आणि त्यांचे कान लाल झाले होते. तो माणूस रागावलेला नव्हता, त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तेव्हाच कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं असावं. आठवडाभरात तो व्हिडिओ असोद्यापासून धुळ्यापर्यंत फिरला. वर एक लावणीची धून घातलेली. माझ्या बँकेत कॅशियरने मलाच दाखवला, "मॅडम, हा बघा नमुना." मी म्हटलं, "ते माझे घरमालक आहेत." त्याने फोन उलटा ठेवला.

नानांना एकच मुलगी. पुण्यात नोकरीला, माझ्याच वयाची. सणावाराला आली की माझ्या खोलीत येऊन गप्पा मारायची. वडिलांच्या बुटांबद्दल ती कधी बोलत नसे. शाळेत असताना तिने एकदा मैत्रिणीला घरी आणलं होतं आणि दार उघडायच्या आधी बाहेरून ओरडून वडिलांना सावध केलं होतं, एवढं एकदा बोलून गेली.

तिच्यासाठी धुळ्याचं एक स्थळ आलं. आबांनीच आणलेलं. मुलगा पुण्यातच, माणसं खाऊनपिऊन सुखी, आबांच्या ओळखीतली. पाहण्याच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आबा येऊन, उद्या बूट नकोत, असं नानांना बजावून गेले. नानांनी कबूल केलं. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी खरंच चपला घातल्या. बूट जिन्याखालच्या मांडणीवर ठेवून दिले. मी पोहे द्यायला मदतीला होते. सगळं छान चाललं होतं. मुलगी पसंत असल्याचं मुलाच्या आईच्या तोंडावर दिसत होतं. मुलगाही सारखा मुलीकडे बघत होता. आबा पहिल्यांदाच सैल होऊन मागे टेकले.

चहाचा कप खाली ठेवून मुलाच्या काकांनी खिशातून फोन काढला. "नाना, हे जरा बघा. हे तुम्हीच ना?"

लावणीची धून बैठकीत वाजली. मी हातातली पोह्यांची ताटली खाली ठेवली.

"हो," नाना म्हणाले. "मीच."

काका वाईट माणूस नव्हता. त्याने फोन बंद केला आणि मऊ आवाजात विचारलं, "काही पायाचं दुखणं आहे का? डॉक्टरांनी सांगितलं असेल. आमच्या एका मामांनाही कंबरेसाठी खास बूट दिलेत."

दार उघडं करून दिलं होतं त्या माणसाने. फक्त आत पाऊल टाकायचं होतं. आबा घाईने म्हणाले, "हो हो, कंबरच. कारखान्यात वजनं उचलून उचलून..." अक्का मान हलवू लागल्या. मीही, मला काही माहीत नसताना, मान हलवली. मुलगी दाराच्या चौकटीत उभी होती. ती वडिलांकडे अशी बघत होती की ते बघणं मला अजून दिसतं.

नानांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "कंबर ठणठणीत आहे. मला आवडतात म्हणून घालतो."

बाहेरून कुल्फीवाल्याची घंटा ऐकू आली. मग काका उठले. "कळवतो," म्हणाले. आपल्याकडे कळवतो म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं.

त्यांची गाडी वळणावरून गेली तसे आबा उठले. त्यांची केळी वाहायची पिकअप फाटकाबाहेर उभी होती. तिच्या सीटखालून त्यांनी घड कापायचा कोयता काढला. मला वाटलं, आता खून होतो. मी ओरडले. शेजारीपाजारी धावले. आबांनी जिन्याखालून बुटांचे दोन्ही जोड काढून ओट्यावर टाकले आणि एकेक बूट आडवा धरून टाचा तोडू लागले. चामडं चिवट. टाच एका घावात जात नव्हती. घाव ओट्याच्या फरशीवर पडत होते, ठिणग्या उडत होत्या.

"मले तोंड दाखवाले जागा नही ठेवली तू! पोरीच्या जल्मापेक्षा हे मोठं हाये तुले?"

नाना जवळ उभे. त्यांनी भावाचा हात धरला नाही. फक्त म्हणाले, "जपून, आबा. हाताले लागीन."

हे ऐकून आबांनी कोयता खाली टाकला, गाडीत बसले आणि निघून गेले.

पुढचं मात्र मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. नाना ओट्यावर बसले. त्यांनी चपला काढल्या आणि तो तुटका काळा जोड पायांत चढवला. टाच गेली म्हणून तसला बूट सपाट होत नाही. तळ वाकडाच राहतो, पुढचं टोक होडीसारखं वर उचललं जातं. रोजची दूध आणायची वेळ झाली होती. बरणी घेऊन ते निघाले. मागे रेलत, पाय फाकत, बदकासारखे, सगळ्या कॉलनीसमोरून डेअरीपर्यंत गेले आणि दूध घेऊन परत आले. त्या दिवशी कुणी हसलं नाही. सेक्रेटरी फाटकात उभे होते, ते आत गेले.

खरा घाव मुलीने घातला. रात्रीच्या बसने परत जायची बॅग भरता भरता ती वडिलांना म्हणाली, "बुटांचं मला काही नाही, पप्पा. लहानपणापासून बघतेय. पण एक खोटं बोलला असतात तर काय झालं असतं? ते बिचारे सांगून राहिले होते तुम्हाला, काय बोलायचं ते. तुम्हाला माझ्यासाठी एवढं करता आलं नाही."

नाना म्हणाले, "घालू नका म्हण. आत्तापासून बंद करतो. पण दुखणं आहे असं नाही सांगणार. ते दुखणं नाहीये."

"मग नका घालू," ती म्हणाली.

आणि त्यांनी बंद केले. एका शब्दावर. मला वाटत होतं, आठ दिवस जातील आणि आग्र्याचं पार्सल येईल. नाही आलं. नाना चपला घालून फिरू लागले. कॉलनी खूश झाली. सेक्रेटरींनी त्यांना गणपतीच्या कमिटीत घेतलं. पण नाना भाजीवाल्याशी भांडेनासे झाले. रस्त्यात थुंकणाऱ्याच्या शेजारून मुकाट जायचे. एकदा बाजारातून परतताना आमच्या गल्लीत वळायचं सोडून सरळ पुढे निघून गेले. अक्का त्यांच्या पुढे चालत होत्या, त्यांना फाटकाशी येऊन वळून पाहावं लागलं, तेव्हा कळलं नवरा मागे कोपऱ्यापलीकडे उभा आहे, इकडेतिकडे बघत. अक्का त्या दिवशी माझ्या खोलीत येऊन रडल्या. "म्हातारा झाला गं एकदम," म्हणाल्या. "मी मागितलं होतं हेच. इतकी वर्षं देवाकडे हेच मागितलं होतं."

मुलगी सहा महिने घरी फिरकली नाही. आईला फोन करायची, वडिलांशी बोलायची नाही. मग एका शनिवारी अचानक आली, बॅग माझ्याच खोलीत टाकली आणि म्हणाली, "वर जायच्या आधी तुला सांगते. मी एकाला हो म्हटलंय. ऑफिसातलाच आहे, नाशिकचा. पण हो म्हणायच्या आधी त्याला सांगितलं, माझे वडील उंच टाचांचे बूट घालतात, दुखणं वगैरे काही नाही, हौस आहे. चालत असेल तर पुढचं बोलू."

"मग?"

"म्हणाला, फोटो बघू. फोटो कुठला असणार माझ्याकडे? मी तोच व्हिडिओ दाखवला. त्याने दोनदा पाहिला आणि म्हणाला, चिखलात अडकायच्या आधी चालत छान होते गं."

ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मग वर गेली. वर काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. अक्कांनी एवढंच सांगितलं की पोरीने बापाला विचारलं, "तुमच्या पायाचं माप तेच आहे ना?"

लग्न जळगावातच झालं, छोट्या हॉलमध्ये. नानांनी नवे बूट घातले होते, मरून रंगाचे. पाहुण्यांपैकी अर्धे लोक नवरीऐवजी त्यांच्या पायांकडे बघत होते. नवरी त्यावरून चिडलीही. "माझी पैठणी कुणी बघितलीच नाही," म्हणाली. कन्यादानाला बसताना नानांनी बूट काढून ठेवले आणि तेवढ्यात ते गायब झाले. आपल्याकडे मुलीच्या बहिणी नवरदेवाचे बूट पळवतात. इथे नवरदेवाच्या बहिणींनी नवरीच्या बापाचे पळवले होते. त्यांतली एक तर ते घालून, बुटांत मागे वितभर जागा रिकामी, अर्ध्या अर्ध्या पावलांनी सगळ्या हॉलभर मिरवून आली. नाना इतके हसले की त्यांच्या हातातल्या पळीतलं पाणी सांडलं आणि भटजी रागावले.

आबा मात्र आले नाहीत. त्यांची मुलं आली, सुना आल्या. थोरला भाऊ आला नाही. जेवणावळीत नाना दाराकडे बघून बघून वाढत होते. भाऊबंदांत कुजबुज झाली. आहेर निघाले, हॉल रिकामा झाला, आणि दोन भावांचं बोलणं बंद झालं ते बंदच राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी बँकेतून लवकर घरी आले तर फाटकाबाहेर केळीची पिकअप उभी. ओट्यावर आबा एकटेच बसले होते. नाना-अक्का कुणाकडे तरी गेले होते; पायाला फोड आला म्हणून नाना त्या दिवशी चपलांवर, बूट जिन्याखाली. आबांनी मला ओळखलं. "पोरी, पानी दे," म्हणाले. मी आत जाऊन माठातलं पाणी तांब्यात घेतलं, गुळाचा खडा शोधला आणि बाहेर आले.

तांब्या हातातून सुटला नाही एवढंच.

आबांनी नानांचे मरून बूट पायांत चढवले होते. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, वाळक्या काटकुळ्या पोटऱ्या, आणि खाली ते बूट. खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून ते उभे होते. मला पाहून ओशाळले, पण सुटका नव्हती. गज सोडले तर पडले असते.

"कोनाले सांगू नको," म्हणाले. मग एक हात सोडून त्यांनी पाऊल टाकलं. टॉक. थांबले. दुसरं टाकलं. तोंड असं गंभीर, जणू विहिरीत पाणी किती आहे ते बघायला उतरलेत. ओट्याच्या टोकापर्यंत गेले, भिंत धरून वळले, आणि समोर फाटकात नाना उभे होते. मागे अक्का, तोंडावर पदर.

मला वाटलं, आता काय होतंय कोण जाणे. आबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते मटकन ओट्यावर बसले, खोचलेलं धोतर सुटून खाली आलं, आणि ते वाकून चेन ओढू लागले. चेन अडकली होती. जितकी ओढतील तितकी धोतराच्या काठात घुसत होती.

नाना आले. भावाच्या पायाशी खाली फरशीवर बसले. आबांचा पाय त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतला आणि चेनमध्ये सापडलेलं कापड बोटांनी हळूहळू सोडवायला लागले.

आबा त्यांच्या डोक्याकडे बघत राहिले. धाकट्याचं डोकं वरून पाहायची त्यांना बऱ्याच वर्षांनी वेळ आली असावी. शेवटी म्हणाले, "यात तं काहीच नही रे."

"नही," नाना म्हणाले.

"नुसते पाय दुखतात."

"हो. दुखतात."

"मंग मी इतकं कायले..." आबांचा हात फरशीवरच्या कोयत्याच्या खुणांवर गेला.

चेन सुटली. नानांनी बूट काढून बाजूला ठेवला, भावाची टाच तळहातात धरून दोनदा चोळली, आणि म्हणाले, "दुसरा पाय द्या."

आबांनी दुसरा पाय पुढे केला.